'लायसन नको, पासिंग नको' म्हणून घेतलेली ई-बाईक जप्त झाली, आता काय करू?

प्रश्न : मी मिरजेत राहते, अंगणवाडी सेविका आहे. पाडव्याला कोल्हापूरच्या एका दुकानातून ६८,००० रुपयांना ई-बाईक घेतली. थोडे पैसे रोख दिले, बाकी पतसंस्थेचं कर्ज. दुकानदार म्हणाला, 'लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, सायकलच समजा.' बिलावर '२५० वॅट' लिहिलंय. गाडी ताब्यात देताना त्याने सीटखालची एक वायर सोडवली आणि 'आता जरा बरी पळेल' म्हणाला. मुलगा अकरावीत आहे, १६ पूर्ण. तो क्लासला गाडी नेत होता. मागच्या आठवड्यात वाहतूक पोलिसांनी त्याला थांबवलं. गाडी ४५ च्या पुढे पळते म्हणून जप्त केली, पावती दिली आणि आरटीओकडून तपासून घ्या म्हणाले. मुलगा सांगतो, मागच्या चाकातल्या मोटरवर '६० व्होल्ट १००० वॅट' असं कोरलेलं आहे. दुकानदार म्हणतो, 'गाडी सुटली की आधी माझ्याकडे आणा, वेगाचं लॉक मारून देतो. पैसे मात्र परत नाहीत.' बिलावरही तसंच छापलंय. शेजारी म्हणतात, मुलाचं वय अठरा सांगून मोकळ्या व्हा. मुलावर केस होईल का? मला तुरुंगात जावं लागेल का? गाडी घेऊन २३ दिवस झालेत.

उत्तर : ताई, तुरुंगाची भीती तुम्ही शेवटी विचारली असली तरी झोप तिनेच उडवली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. मुलालाही वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे कलम कडक आहे आणि ते लागू शकतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्याच कलमात पालकांसाठी एक वाट ठेवलेली आहे. गुन्हा आपल्या नकळत झाला, किंवा तो होऊ नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केलं तर शिक्षा होत नाही. मुलगा गाडी नेतो हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की ती कायद्याने मोटार वाहन आहे. 'कायदा ठाऊक नव्हता' हा बचाव कोर्टात चालत नाही. पण वस्तूबद्दलच तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, २५० वॅट म्हणून १००० वॅटची गाडी गळ्यात मारली गेली, ही वस्तुस्थितीची चूक आहे, आणि तिचं वजन वेगळं असतं. तुमच्या हातातलं ते बिल म्हणूनच मोलाचं आहे. त्याला आजच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, आणि ती तुम्ही लपवली नाहीत याचं बरं वाटलं. ती वायर. दुकानदाराने ती तुमच्यासमोर सोडवली. उद्या कोणी विचारेल, 'गाडी जास्त पळणार हे तुम्हाला कळलं होतं ना?' याला उत्तर जे घडलं तेच द्यायचं : वायर त्याने सोडवली, गाडी माझ्या ताब्यात येण्याआधी सोडवली, ती कशाची आहे हे त्याने सांगितलं नाही, मी किंवा मुलाने गाडीत काहीही बदल केला नाही. मालकाने परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर कलम १८२-अ खाली त्याच्यावर कारवाई होते, म्हणून शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आणि वय अठरा सांगायचं नाही. दहावीच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे, खोटं तासाभरात उघडं पडेल. आज तुम्ही फसवल्या गेलेल्या ग्राहक आहात, त्या एका खोट्याने तुमच्यावरचा विश्वास जाईल. शेजारी काळजीपोटी सांगत असतील, पण ऐकू नका.

आता मूळ मुद्दा. 'सायकलच समजा' असं कायदा कधी म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये याचं उत्तर आहे. बॅटरीवरची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही, पण त्यासाठी तिच्या मोटरची अर्ध्या तासाची सलग ताकद २५० वॅटपेक्षा कमी हवी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत हवं, ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं हवं. या अटी एकत्र पाळायच्या आहेत. एक पाळली आणि दुसरी मोडली तर सवलत गेली.

म्हणूनच दुकानदाराचं 'लॉक मारून देतो' हे बोलणं तुम्हाला वाचवत नाही. लॉक मारला की वेग २५ वर येईल, पण चाकात बसवलेली १००० वॅटची मोटर तशीच राहील. उद्या दुसऱ्या चौकात दुसरा हवालदार कापडाने मोटर पुसून तोच आकडा वाचेल. दंड भरून गाडी सोडवणं हाही उपाय नाही. दंड हा झालेल्या चुकीचा असतो, त्याने गाडी रस्त्यावर आणायला पात्र होत नाही. ज्या मॉडेलला मोटार वाहन म्हणून प्रमाणपत्रच नाही, त्याची नोंदणी आरटीओ करूच शकत नाही, मालक कितीही पैसे भरायला तयार असला तरी.

माझ्याकडे पूर्वी एक पक्षकार आले होते. त्यांनी नेमकी हीच चूक केली. गाडी सुटताच ती दुकानात नेऊन दिली. आठ दिवसांनी परत मिळाली तेव्हा वायर जागेवर होती, मोटरवरचा आकडा घासलेला होता आणि बिलाची दुकानातली प्रतही वेगळी होती. पुढे आमच्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही. त्यामुळे ताई, तपासणी होईपर्यंत गाडी दुकानदाराच्या हाती अजिबात जाऊ द्यायची नाही.

आणि आता ज्या आरटीओला तुम्ही घाबरता आहात, त्याच्याकडे तुम्ही स्वतःहून जा. कलम २०७ खाली जप्त झालेली गाडी सोडवण्यासाठी मालकाला कागदपत्रांसह अर्ज करता येतो. त्या अर्जातच लिहा की, मोटार वाहन निरीक्षकांकडून गाडीची तपासणी व्हावी आणि मोटरची ताकद, वेग, चेसिस क्रमांक यांचा लेखी अहवाल मला मिळावा. हा अहवाल तुमच्या विरोधात जाईल असं तुम्हाला वाटतंय. पण तो सर्वात आधी दुकानदाराच्या विरोधात जातो. बिल म्हणतं २५०, सरकारी अहवाल म्हणेल १०००. यापेक्षा स्वच्छ पुरावा ग्राहकाला क्वचितच मिळतो. जाताना बिलावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. बिलावर तो नसेलच, तर तेही अर्जात नमूद करा. आरटीओत कोणी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मागितली तर करू नका. 'गाडीत बदल केल्याचे मान्य आहे' अशा मजकुरावर तर मुळीच नाही.

दंडाची कल्पना असावी म्हणून सांगते. विनानोंदणी गाडीला पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, विनालायसन्स चालवण्याला ५,०००, विम्याशिवाय २,०००, अशा तरतुदी कायद्यात आहेत. विक्रेत्याला मात्र कलम १८२-अ खाली नियमबाह्य गाडी विकल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड होऊ शकतो. अशा किती गाड्या त्या दुकानातून गेल्या असतील, याचा विचार तुम्ही करू नका, तो त्याला करू द्या.

पैशांचं काय? बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं म्हणून तुमचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या, हे कलम २(४७) सांगतं. बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हीसुद्धा त्यातली एक आहे. तुमचे २३ दिवस झालेत. म्हणून आरटीओच्या अहवालाची वाट न बघता दोन दिवसांत दुकानदाराला पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून. साध्या मराठीत लिहा : अमुक तारखेला, अमुक रकमेला गाडी घेतली, २५० वॅट सांगून १००० वॅटची दिली, ती जप्त झाली, गाडीच्या प्रमाणपत्राची प्रत द्या आणि पूर्ण रक्कम परत करा. प्रमाणपत्राची मागणी विसरू नका. ते त्याच्याकडे नसलं, तर त्याचं गप्प बसणंच आपल्या कामी येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे मेसेज, व्हॉइस नोट, जाहिरातीची पत्रकं जे असेल ते ठेवा. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका.

त्याने दाद दिली नाही तर ग्राहक आयोग. दुकान कोल्हापुरात असलं तरी तुम्हाला तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे तुम्हाला सांगली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मागणीत फक्त ६८,००० लिहू नका. कर्जाचं व्याज, या काळात मुलाच्या रिक्षावर गेलेले पैसे, झालेला मनस्ताप, तक्रारीचा खर्च हेही मागा. रिक्षाचा हिशेब आजपासून वहीत तारीखवार लिहा. पतसंस्थेचा हप्ता मात्र थांबवू नका. दुकानदाराशी भांडण वेगळं, कर्जाचा करार वेगळा. हप्ता थकला तर तुम्ही दोन आघाड्यांवर अडकाल.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर हे नीट वाचा : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर त्या वकिलाला सोबत न्या. मुलाचं काही प्रकरण निघालंच, तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल, मोठ्या माणसांसारखं नाही. त्याला हे समजावून सांगा. सोळा वर्षांचं पोर आईला आपल्यामुळे त्रास झाला म्हणून आतल्या आत कुढत असतं.

पैसे परत मिळाले आणि पुन्हा ई-बाईक घ्यायची ठरली, तर दुकानात पाय ठेवताच प्रमाणपत्र मागा, रंग नंतर बघा. मुलासाठी हवी असेल तर खरोखर २५० वॅटच्या आतली आणि २५ च्या आत पळणारीच घ्या. हेल्मेट तरीही घाला, कारण धडक बसली तर डोक्याला वॅट कळत नाहीत. बेदरकारपणाचा गुन्हा अशा गाडीवरही लागू होतो. सोळाव्या वर्षी लायसन्सची जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची आहे, तिच्या भरवशावर त्याला मोठी ई-स्कूटर देऊ नका. तुमच्या नावावर जास्त वेगाची घ्यायची असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो, विमा हवा, हिरव्या पाटीवर पांढरा नंबर हवा, आणि नोंदणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात देण्याची डीलरला परवानगीच नाही. 'नंबर मागाहून येईल, तोवर चालवा' असं कोणी म्हणालं तर किल्ली काउंटरवर ठेवून घरी या.

पत्राचा मसुदा लिहून झाला की पाठवण्याआधी मला दाखवा, आणि आरटीओचा अहवाल हाती आला की त्याचीही प्रत पाठवा. चार्जर आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या.