विचारा बागेतलं : कोरल बेल्स नागपुरात उन्हाळा काढेल का?

प्रश्न : दादा, दिवाळीनंतर ऑनलाइन कोरल बेल्सची (रंगीत पानांचं झाड) तीन रोपं मागवली, एक जांभळं, एक विटकरी आणि एक लिंबाच्या रंगाचं. थंडीभर पोर्चमध्ये इतकी मस्त दिसत होती की येणारा प्रत्येक जण विचारायचा. आता मार्च संपत आला तर लिंबू रंगाच्या पानांच्या कडा कागदासारख्या करपून राहिल्या. पाणी तर रोज दोनदा देते. चिठ्ठीवर पेरेनियल लिहिलं होतं, मग हे काहून होऊन राहिलं? जमिनीत लावून टाकू का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी ते दोनदा पाणी बंद करा, बाकीचं मग बोलू.

पेरेनियल म्हणजे वर्षानुवर्षं जगणारं, हे खरंय, पण कुठे ते चिठ्ठीवर लिहीत नाहीत. हे झाड उत्तर अमेरिकेतलं, त्याचं खरं नाव ह्यूकेरा. तिकडे बर्फातही मूळ जिवंत राहतं आणि वसंतात नवी पानं येतात, म्हणजे थंडीला ते घाबरत नाही, त्याचा जीव जातो तो उकाड्यात आणि त्यातही रात्रीच्या उकाड्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्याच, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर माणूस कूलरसमोरून उठत नाही, तिथे त्या बिचाऱ्याचं काय घेऊन बसलात!

फिक्या पानांची जात उन्हात पहिली करपते, जांभळी गडद जरा जास्त तग धरते. पण अगदी अंधाऱ्या कोपऱ्यातही नेऊ नका, रंग उतरतो. सकाळचं आठ-नऊपर्यंतचं ऊन आणि मग सावली, एवढं पुरे. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा व्हिलोसा जातीपासून तयार केलेलं रोप मागा, ते मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, उकाडा आणि दमटपणा इतरांपेक्षा बरा सोसतं. बरा म्हणतोय हां, मजेत नाही.

जमिनीत? नकोच. आपली काळी माती पावसात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर ती अल्कली, आणि ह्याला हवी किंचित आम्ल, भुसभुशीत, पाणी न धरणारी. कुंडीतच ठेवा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड रेती आणि गांडूळखत मिसळून. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या बरोबरीला हवा, खाली दाबला की सडलाच. वरची बोटभर माती कोरडी झाली की मगच पाणी. उन्हाळ्यात खत अजिबात नाही.

आता एप्रिल-मेसाठी एक जुगाड. मातीची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा. माठाचं आणि कूलरचं जे तत्त्व तेच हे, कोरड्या हवेत पाणी उडतं आणि मुळं गार राहतात. पण पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि जसा कूलर कामाचा राहत नाही तसंच हेही, त्या दिवशी आतली कुंडी बाहेर काढायची आणि छपराखाली ठेवायची. माझं एक विटकरी रोप मे काढून जुलैत मेलं. पानं मान टाकत होती, मला वाटलं तहान लागली, मी अजून पाणी घातलं, आणि एक दिवस हात लावला तर अख्खं झाड हातात, खाली गड्डा लिबलिबीत. माती ओली असताना पानं सुकली तर ती तहान नसते, सड असते. तेव्हा जो कडक कोंब शिल्लक असेल तो थोड्या दांड्यासकट कापून ओल्या रेतीत खोचा, कधीकधी जगतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नागपुरात ह्याला दसरा ते होळीचा पाहुणा समजा. पावसाळ्यात त्याच जागी रंगीत पानांचं कॅलेडियम ठेवा, त्याचा कंद थंडीत झोपतो आणि पावसाळ्यात उठतो, दोघांची पाळी बरोब्बर जुळते.

प्रश्न : कोरल बेल्सचं निळ्या पानांचं बी शंभर रुपयात मिळून राहिलं, घेऊ का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नका घेऊ भाऊ. निळं कोरल बेल्स नसतंच, फोटो रंगवलेला आहे. आणि नावाजलेल्या हायब्रिड जाती बियांतून जशाच्या तशा येत नाहीत, त्या टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून) किंवा फुटवे वेगळे करून वाढवतात. शंभर रुपयांत चार रंगांचे कोलियस आणा, फांदी पाण्यात ठेवली तरी आठ-दहा दिवसांत मुळं धरते, तुरे खुडत राहा म्हणजे पानं भरगच्च राहतील.

प्रश्न : भर मे महिन्यात गच्चीवर रंगीत पान टिकेल असं काही?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : क्रोटन आणि जांभळ्या पानांचं पर्पल हार्ट, तेही ग्रीन नेटखाली, म्हणजे सावलीच्या हिरव्या जाळीखाली. बाकी सगळं जूनपर्यंत जिवंत ठेवलं तरी खूप झालं.