आयर्लंडची तरुण मुलं एवढी देश सोडून का जातात आणि त्यांच्या मते सिडनी, टोरांटो, लंडन, दुबई यात कुठे बरं आहे?

तुम्ही लिहिलंय की डब्लिनला मास्टर्सची ॲडमिशन झालीये, फी भरायची वेळ आलीये आणि नेमकं आत्ताच कोणीतरी सांगितलं की तिथली स्वतःचीच पोरं सिडनी-टोरांटो-दुबईला पळतायत, मग आपण तिथे जाऊन काय करायचं. प्रश्न बरोबर आहे. मी चार वर्षं डब्लिनला होते, आधी मास्टर्स मग नोकरी, आणि २०२३ च्या शेवटी कंपनीने सिडनीला पाठवलं तर इथे मला खोली मिळाली ती चार आयरिश लोकांच्या घरात. डब्लिनमध्ये चार वर्षांत जेवढे आयरिश मित्र झाले नाहीत तेवढे इथे कुजीला सहा महिन्यांत झाले. कुजी हा सिडनीचा समुद्राकाठचा भाग, आणि इथे आयरिश एवढे की लोक थट्टेने त्याला काउंटी कुजी म्हणतात, म्हणजे आयर्लंडच्या मेयो, केरी, गॉलवे तशी अजून एक काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा).

आधी का जातात ते. आपल्याला वाटतं नोकरी नसेल. २००८ नंतर जे गेले ते खरंच नोकरी नाही म्हणून गेले, देश दिवाळ्यात निघाला होता, २०१० ला आयएमएफ आणि युरोपकडून कर्ज घ्यावं लागलं. आत्ता तसं काही नाहीये, नोकऱ्या भरपूर आहेत. नाहीये ते घर. मी डब्लिन सोडलं तेव्हा एका बेडरूमच्या फ्लॅटला महिन्याला दोन हजार युरोच्या आसपास मागत होते आणि बघायला जावं तर दारात रांग. त्यामुळे तीस वर्षांचा, चांगला कमावता माणूस आईबापाच्या घरात बॉक्स रूममध्ये झोपतो, बॉक्स रूम म्हणजे लहानपणी सूटकेसा आणि इस्त्रीचं टेबल ठेवायची ती खोली. माझ्या ऑफिसातला एकजण म्हणायचा, मी एकतीस वर्षांचा आहे आणि रात्री उशीर झाला की आईला मेसेज करतो. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण त्यांच्यात ते फार लागतं.

एप्रिल २०२४ पर्यंतच्या एका वर्षात आयर्लंडमधून ६९,९०० लोक बाहेर गेले, त्यातले १०,६०० एकट्या ऑस्ट्रेलियाला, आदल्या वर्षी हा आकडा ४,७०० होता. पण त्याच आकड्यांत एक गोष्ट आहे जी तुम्हाला ज्याने घाबरवलं त्याने सांगितली नसणार. त्यातले आयरिश नागरिक ३४,७००, आणि त्याच वर्षात ३०,००० आयरिश नागरिक परत आले. म्हणजे देश रिकामा होत नाहीये, चक्र फिरतंय. मी कुडाळची, आमच्याकडे याला शब्द आहे, चाकरमानी. मुंबईला गेलेला, गणपतीला परत येणारा, आणि गावाला कायम "एक दिवस येणार हां मी" म्हणणारा. फक्त ह्यांचा गणपती म्हणजे ख्रिसमस, आणि गाडीच्या तिकिटाऐवजी विमानाचं.

बरं आता शहरं. आमच्या घरात मेयोची नर्स, कॉर्कचा इलेक्ट्रिशियन जो आधी व्हँकुव्हरला दोन वर्षं होता, लिमरिकची प्राथमिक शाळेची टीचर जी दुबईत राहून आलेली, आणि टिपररीचा एकजण, बांधकामाचा हिशोब बघणारा, तो लंडनहून आलेला. त्यामुळे रविवारी सकाळी किचनमध्ये हाच विषय, कुठलं बरं, आणि प्रत्येकजण जिथून आलाय त्याला शिव्या आणि दुसऱ्याने शिव्या दिल्या की लगेच बचाव.

टीचरचं म्हणणं दुबईइतका पैसा कुठेच नाही. इन्कम टॅक्स नाही, शाळा राहायला फ्लॅट देते, वर्षातून एकदा घरचं तिकीट देते, सगळा पगार हातात. आयर्लंडमध्ये तिला तीन वर्षं कायम नोकरी मिळत नव्हती, कोणाच्या बाळंतपणाच्या रजेवर इथे, कोणाच्या आजारपणावर तिथे. दुबईत दोन वर्षांत तिने जे साठवलं ते डब्लिनमध्ये दहा वर्षांत झालं नसतं. पण ती म्हणते तिथे कोणी म्हातारं होत नाही. सगळे पंचवीस ते चाळीस, नोकरी आहे तोवर व्हिसा आहे, आणि उन्हाळ्यात ४५ डिग्रीमध्ये मॉलमधून गाडीत, गाडीतून घरात. आपल्या आखातात गेलेल्या लोकांनी हे ऐकलं तर हसतील, त्यांना एसी गाडी कुठली, पण तो वेगळा विषय.

कॅनडाचं त्यांचं मत जरा मवाळ आहे. आयरिश लोकांना ३५ वर्षांपर्यंत दोन वर्षांचा ओपन वर्क परमिट मिळतो, कुठेही कोणाकडेही काम करा. व्हँकुव्हर सुंदर आहे, डोंगर आहेत, व्हिसलरला बर्फात घसरायला जाता येतं, पण पाऊस घरच्यासारखाच पडतो तर मग एवढं लांब यायचं कशाला असं कॉर्कवाला म्हणतो. टोरांटोबद्दल तो एवढंच म्हणाला की तिथे जानेवारीत पाइप गोठतात आणि लिहिलेल्या किमतीवर दुकानात टॅक्स वेगळा लावतात आणि वर टिप, त्यामुळे खिशात नक्की किती उरणार ते कधीच कळत नाही.

न्यूयॉर्कचं नाव निघतं पण आजीआजोबांच्या गोष्टीसारखं. ब्रॉन्क्समधलं वुडलॉन, क्वीन्समधलं वुडसाइड, तिथे प्रत्येकाचा कोणीतरी मामा आहे, ऐंशीच्या दशकात गेलेला, त्यातले कित्येक कागदपत्रांशिवाय, आईच्या मयतालाही येऊ शकले नाहीत कारण एकदा बाहेर पडलं की परत आत घेणार नाहीत. आता ग्रॅज्युएट झाल्यावर एक वर्षाचा जे-वन नावाचा अमेरिकेचा व्हिसा मिळतो आणि मग गाशा गुंडाळायचा.

सिडनीचं सांगायचं तर इथे मला स्वतःलाच राग येतो. आयरिश पासपोर्टला वर्किंग हॉलिडे व्हिसा ३५ वर्षांपर्यंत, संख्येची मर्यादाच नाही. आपल्यासाठी २०२४ पासून वर्षाला १,००० जागांची लॉटरी, वय ३० पर्यंत. असो. पण ह्यांनाही फुकट नाही मिळत, दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर ८८ दिवस शहराबाहेर ठरवून दिलेलं काम करावं लागतं, शेतावर, बांधकामावर वगैरे, आणि तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने. नर्स बाईंनी क्वीन्सलँडमध्ये केळीच्या बागेत ८८ दिवस काढले. डिग्री झालेली, आयसीयूमध्ये काम केलेली बाई, केळीचे घड वाहतेय. मालक हॉस्टेलचं भाडं पगारातून कापायचा आणि पाऊस पडला की काम नाही, दिवसही मोजायचा नाही. ती ते हसत सांगते, पण अजून केळं खात नाही.

त्याशिवाय व्हिसाच्या अटी म्हणजे एका मालकाकडे साधारण सहा महिनेच, पहिल्या ४५,००० डॉलरवर सरसकट १५ टक्के टॅक्स, आणि मालक जे पेन्शन भरतो ते देश सोडताना काढलं तर त्यातले ६५ टक्के सरकार घेतं. हे ६५ टक्के आमच्या किचनमध्ये महिन्यातून एकदा तरी निघतात. घरभाडं इथे आठवड्याचं सांगतात, मी खोलीला आठवड्याला ३८० डॉलर द्यायचे, आणि नवीन आलेला प्रत्येक आयरिश पहिल्यांदा ते महिन्याचं समजून खूष होतो.

एवढं असून सिडनी आवडते. नर्स म्हणते डब्लिनच्या हॉस्पिटलमध्ये ट्रॉलीवर पेशंट आणि तिच्या वाट्याला दुप्पट काम, इथे शिफ्ट संपली की संपली आणि साडेतीनला समुद्रात. आणि शनिवारी गेलिक फुटबॉल, म्हणजे आयरिश लोकांचा स्वतःचा फुटबॉल, आहेच, इथे त्यांचे क्लब आहेत, नवीन मुलगा उतरला की क्लबमधूनच त्याला खोली, बांधकामाची नोकरी आणि कधीकधी बायकोसुद्धा मिळते. आपल्या महाराष्ट्र मंडळाला जे जमलं नाही ते ह्यांच्या जीएएला, म्हणजे हे खेळ चालवणाऱ्या संघटनेला, जमलं (मंडळवाल्यांनी रागावू नये, वडापाव छान असतो). जुलैमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला ऑल-आयर्लंड फायनल दुपारी साडेतीनला सुरू होते म्हणजे इथे रात्री साडेबाराला, पब भरलेला, थंडीचे दिवस, सोमवारी कामावर कोण जाणार.

आणि लंडन. लंडनला कोणी परदेश म्हणतच नाही. व्हिसा नाही, परमिट नाही, उतरल्या दिवशी नोकरी करा, मतदान पण करा, दोन देशांतली जुनी व्यवस्था आहे आणि ब्रेक्झिटनंतरही ती टिकली. पूर्वी किलबर्नला राहायचे, रस्ते आणि बोगदे खणायचे, आता क्लॅपहमला राहतात आणि बँकेत जातात. टिपररीवाला म्हणायचा लंडन म्हणजे काय जाणं झालं का, भाडं डब्लिनएवढंच, हवा तीच, आणि दर दुसऱ्या विकेंडला कोणाच्या तरी लग्नाला नाहीतर बारशाला घरी. बाकीचे सगळे त्याला चिडवायचे की तू लंडनला होतास म्हणजे बाहेर होतासच कुठे.

हे सगळं गेल्या जुलैपर्यंत. एका मंगळवारी नर्सची आजी गेली. आपल्याकडे कसं, जवळचे पोचेपर्यंत फार तर काही तास थांबतात. त्यांच्यात दोन-तीन दिवस, पहिले शव घरी ठेवतात, सगळं गाव येऊन चहा-सँडविच घेऊन जातं, आणि मग चर्चमध्ये प्रार्थना आणि दफन. गुरुवारी सकाळी अकराला होतं. इथून थेट विमान नाहीये, दोन विमानं आणि वर मेयोपर्यंतचा रस्ता, तिने तिकिटं पाहिली, हिशोब केला, नाही पोचत. आता बऱ्याच गावच्या चर्चमध्ये कॅमेरा असतो. म्हणून गुरुवारी रात्री आठला आम्ही पाचजण किचनच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो. कॅमेरा वरून मागच्या बाजूने, फक्त डोकी दिसत होती. ती बोट ठेवून सांगत होती हे बाबा, टकलावरून, ही मावशी, हा चुलतभाऊ, ह्याने केस कापले वाटतं. मग पेटी उचलून बाहेर नेली आणि कॅमेरा आतच राहिला, रिकामे बाक दाखवत. कोणी बंदच करेना.

टिपररीवाला त्यानंतर लंडनला कमी लेखायचा बंद झाला. आणि मला कळलं की हे पगार, समुद्र, हवा सगळं बोलतात पण मनात शहरांची यादी वेगळीच लावलेली असते, घरून फोन आला तर किती तासात पोचेन. लंडन त्याच दिवशी. दुबई दुसऱ्या दिवशी, थेट विमान आहे. टोरांटो, न्यूयॉर्क धावतपळत. सिडनी नाही. एवढं कळूनही वयाच्या सव्विसाव्या वर्षी सगळे सिडनीलाच येतात, कारण तेव्हा आजी चांगली असते. आईबाप साठीला आले की मग उलट्या दिशेने हलायला लागतात.

परत जाणंही सोपं नाही, ते पण सांगते. कॉर्कवाला परत गेला मार्चमध्ये, बायको म्हणजे होणारी बायको, तीही आयरिश. तिकडे गाडीचा इन्शुरन्स काढायला गेला तर बाहेरची वर्षं धरायला तयार नाहीत, जसं काही काल गाडी शिकला. आणि घर? आईबापाच्या घरामागे परसात एक मोबाइल होम आणून ठेवलंय, त्यात दोघं राहतात, स्वतःच्याच जमिनीवर घर बांधायची परवानगी मिळायची वाट बघत. पाच वर्षं जग फिरून बॉक्स रूमपासून वीस मीटर लांब पोचलो असं त्याने ग्रुपवर टाकलं.

आता तुमचं. जा. ती पोरं ज्या कारणाने निघतात ते कारण खरं आहे, पण मुंबई-पुणे बघितलेल्या तुम्हाला ते नवीन नाही, आणि मास्टर्सनंतर दोन वर्षं नोकरी शोधायला आणि करायला परवानगी मिळते. परकेपणाची भीती असेल तर एवढंच सांगते, आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव लावणारा माणूस, लिओ वराडकर, २०१७ ला तिथे पंतप्रधान झाला. फक्त खोली. खोलीचं आधी बघा, कॉलेज सप्टेंबरला तर जूनपासून, आणि खोली स्वतः किंवा ओळखीच्या कोणी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, माझे एकदा ६०० युरो गेलेत असे.

नर्स पण डिसेंबरमध्ये परत चाललीये, डब्लिनलाच, आणि गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं की खोली कुठे बघू, तुला तिथलं जास्त माहितीये. मेयोची बाई, कुडाळवालीला डब्लिनचा पत्ता विचारतेय. तिला जे सांगितलं तेच तुम्हाला: शहराच्या मध्यात बघूच नका, ट्रामच्या रेड लाइनवर टालाकडे बघा, नाहीतर मेनूथच्या ट्रेनवर लीक्सलिपला. तिने रेड लाइन ठरवली, ती ह्यूस्टन स्टेशनवरून जाते आणि मेयोची गाडी तिथूनच सुटते.