मटणाच्या कॅलरी कच्च्या धरायच्या की शिजलेल्या?

मोबाइलवर आहाराची नोंद ठेवणारे लोक मांसाहारापाशी हमखास अडतात. भाकरीचा हिशोब जमतो, रस्स्याचा जमत नाही. लातूर भागातले एक शिक्षक याच अडचणीतून माझ्याकडे आले. "मॅडम, मोजून मोजून खायलोय, तरी वजन उतरंना." चिडून त्यांनी रात्रीची भाकरीच सोडली होती. घरात त्यावरून रोज वाद.

मी रविवारची नोंद बघितली. ताटातल्या मटणाच्या फोडी त्यांनी हाडं काढून मोजल्या होत्या, वजन १४० ग्रॅम. अ‍ॅपमध्ये निवडलं होतं कच्चं मटण. हिशोब आला साधारण १५५ कॅलरी.

मांस शिजताना त्यातलं पाणी निघून जातं आणि वजन साधारण पाव हिश्शानं घटतं. कॅलरी मात्र बहुतांश फोडीतच राहतात. म्हणून १०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टच्या सुमारे १२० कॅलरी होतात, तर तितक्याच भाजलेल्याच्या १६५. दोन्ही आकडे बरोबर आहेत. कच्चं तोललं तर कच्च्याचा आकडा घ्यायचा, शिजलेलं तोललं तर शिजलेल्याचा. आणखी एक, आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. अ‍ॅपमधलं मटण बऱ्याचदा मेंढीचं असतं, त्यात चरबी जास्त. नोंद वाचून घ्या.

पण सरांचा मोठा फरक फोडीत नव्हताच, तर्रीत होता. मी त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी आईजवळ बसा. तेलाची बरणी आधी तोला, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा तोला. आई आधी रागावल्या, मग त्यांनाच उत्सुकता वाटली. एक किलो मटण होतं. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटातली हाडं तोलली, पाव किलो भरली. म्हणजे मांस ७५० ग्रॅम. चरबी काढलेल्या बोकडाच्या १०० ग्रॅमला ११० धरल्या तर ८२५ कॅलरी. तेल गेलं १०० ग्रॅम, त्याच्या ९००. सुकं खोबरं ५० ग्रॅम, सुमारे ३३०. तेलाच्या कॅलरी मटणापेक्षा जास्त! चौघांत सारखं वाटलं तर एका ताटात पाचशेच्या वर. सर लिहीत होते १५५.

त्यांचा चेहरा उतरला, पण मला बरं वाटलं. त्यांच्या शरीरात काही बिघाड नव्हता आणि उपाशी राहायची तर अजिबात गरज नव्हती. मी भाकरी परत सुरू करायला लावली, फोडी तितक्याच ठेवल्या. आईंनी तेल निम्म्यावर आणलं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्यांचं पीठ, घातल्यावर रस्सा दाट होतोच, चव गेली नाही. तेवढ्यानं प्रत्येक ताटातल्या शंभरेक कॅलरी कमी झाल्या.

नंतर त्यांनी विचारलं, "कंदुरीला गेल्यावर काय करू?" कंदुरी म्हणजे नवसाचं मटणाचं जेवण. काटा घरी ठेवा, म्हटलं. तर्री बाजूला सारा, पोटभर जेवा, घरच्या ताटापेक्षा थोडं जास्त धरून लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून जेवण टाळू नका.