अकरा जणांची सहल आणि तिकिटांचा हिशेब

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची ११ माणसे नागपूरहून हैदराबादला जाणार आहोत. सासूबाई आणि मामंजी सत्तरीच्या पुढचे असून सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांच्याखेरीज आम्ही दोघे, दीर-जाऊबाई, नणंदबाई आणि १५, ११, ७ व २ वर्षांची चार मुले आहेत. वंडरला हे राइड्सचे मनोरंजन पार्क आणि रामोजी फिल्म सिटी ही चित्रनगरी, अशी दोन्ही ठिकाणे पाहायची आहेत. दीर म्हणतात, सर्वांसाठी वंडरलाचे फास्ट ट्रॅक, म्हणजे राइड्ससाठी वेगळ्या रांगेचे, तिकीट काढू या. मामंजींचे म्हणणे असे की, कोणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून दोन्हीकडे सगळे सोबतच जावे. काय करावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मामंजींची भावना मोलाची आहे, पण ती जपण्याचे ठिकाण वंडरला नव्हे, रामोजी फिल्म सिटी आहे. काही वर्षांपूर्वी एका पार्कसाठी आम्हीही घरातल्या सर्वांची सरसकट तिकिटे काढली होती आणि माझे वडील दिवसभर एका बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसून राहिले. त्याची रुखरुख मला अजून आहे.

वंडरलामध्ये तिकीट प्रवेशाचे असते, त्यामुळे राइडमध्ये न बसणाऱ्यालाही ते घ्यावेच लागते. ज्येष्ठांना ओळखपत्र दाखवून सवलत मिळते खरी. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाईंना तिथे दिवसभर चालण्याखेरीज काय मिळणार? रामोजीत मात्र बसमधून चित्रनगरी दाखवतात आणि ठरलेल्या वेळांचे कार्यक्रम बसून पाहता येतात. तो दिवस ११ जणांनी एकत्र घालवावा, आणि तिथे वरच्या दराचे, वातानुकूलित बसचे तिकीट घेण्याइतकी ऐपत असेल, तर जास्तीचा पैसा फास्ट ट्रॅकऐवजी त्यावर खर्च करावा.

आता मुलांचे. वंडरलामध्ये मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते : ८५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या बाळाला प्रवेश मोफत असतो आणि त्यापुढे १४० सेंटीमीटरपर्यंत मुलांचा दर लागतो. २ वर्षांचे मूल साधारण ८५ च्या आसपासच असते आणि ११ वर्षांचे १४० च्या, म्हणजे तुमची दोन मुले नेमकी सीमेवर आहेत. तेव्हा बुकिंगच्या आधी भिंतीशी उभे करून, चप्पल-बूट काढून, दोघांची उंची मोजा. मोठ्या थरारक राइड्सनाही उंचीची अट असते. त्यामुळे ११ वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट पडले, तर वाईट वाटून घेऊ नका, त्या राइड्सचे दारही त्याच्यासाठी उघडलेले असेल. ७ वर्षांच्या मुलासाठी फास्ट ट्रॅक घेणे मात्र मला पटत नाही, कारण ज्या राइड्ससमोर लांब रांगा लागतात, त्यांतल्या बऱ्याचशांत त्याला बसताच येणार नाही.

फास्ट ट्रॅकची वेगळी रांग ठरावीक राइड्सनाच असते आणि त्याचा दर साध्या तिकिटाहून बराच जास्त असतो. ते घ्यायचेच असेल, तर १५ वर्षांचे मूल आणि त्याच्याबरोबर थरारक राइड्स घेणारी मोठी माणसे यांच्यापुरतेच घ्यावे, आणि तेही सुट्टीच्या गर्दीचा दिवस टाळता येत नसेल तरच. शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवशी दरही चढे असतात. त्यामुळे वंडरलासाठी आठवड्याच्या मधला दिवस निवडा, ऑनलाइन बुकिंग आधीच करा आणि रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असलेल्या कोणालाही आग्रहाने थरारक राइडमध्ये बसवू नका.

उतरण्याचे ठिकाण एल. बी. नगरच्या बाजूला पाहावे. रामोजी विजयवाडा महामार्गावर आहे आणि वंडरला बाह्यवळण मार्गालगत रावीरालला. शहराच्या पश्चिमेकडच्या हायटेक सिटीत राहिलात, तर दोन्ही ठिकाणे लांब पडतील. वंडरलाच्या दिवशी सासूबाई, मामंजी आणि ज्यांना हौस नाही अशी एखादी मोठी व्यक्ती खोलीवर विसावा घेतील. बाहेरचे खाद्यपदार्थ पार्कमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणून फराळाचे डबे त्यांच्याजवळच ठेवा. संध्याकाळी परतल्यावर सगळ्यांना सोबत बसून खाता येईल.