पोचायचं आहे, हे आधी ठरव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोटरसायकल प्रवासाचा आराखडा नीट वाचला. देशाच्या एका सीमेपासून दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यापर्यंत, रोज सहाशे किलोमीटर आणि मध्ये विश्रांतीचा एकही दिवस नाही. मुलांच्या रुग्णालयासाठी निधी जमवायची तुझी तळमळ मला दिसते, म्हणून स्पष्टच लिहितो: हा आराखडा बदल. नुसती भटकायला निघाली असतीस, तर अर्ध्यातून मागे फिरलीस तरी कोणाचं काही अडलं नसतं. आता तुझ्या शब्दावर माणसांनी खिशात हात घातला आहे. यापुढे प्रत्येक निर्णय घेताना एकच बघायचं, यानं मी धडधाकट पोचण्याची शक्यता वाढते की कमी होते?

मिश्र रस्त्यांवर पेट्रोल, जेवण, डायव्हर्जन, पाऊस हे सगळं धरून ताशी पन्नास-पंचावन्नची सरासरी पडली तरी खूप झालं. म्हणजे सहाशे किलोमीटरला अकरा-बारा तास. एक दिवस ते जमतं, दोन दिवसही जमतं. चौथ्या दिवशी मनगटं, मान आणि डोकं एकदमच संप पुकारतात. साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ नकोस आणि दर चार-पाच दिवसांनी एक दिवस पूर्ण मोकळा ठेव. तो आळसाचा दिवस समजू नकोस. टायर पंक्चर झाला, घाट बंद पडला, ताप आला, तर हाच दिवस तुला तारणार आहे.

आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांच्या संघटनेच्या ‘सॅडलसोर १०००’ या राइडमध्ये २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर, कापावे लागतात. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ती राइड संपली की माणूस दुसऱ्या दिवशी पोटभर झोपू शकतो. तुला दुसऱ्या दिवशी पुन्हा किक मारायची आहे, आणि नंतर कित्येक दिवस तेच.

झोपेच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. पहाटे चारला उठून रात्री नऊला तू हायवेवर असशील, तर तुझी नेमकी हीच अवस्था असेल, आणि तुला ती जाणवणारही नाही. ताशी ९० च्या वेगात बाइक सेकंदाला २५ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरला तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला सत्तरेक मीटर लागतात. अंधारात लो बीमवर तेवढं पुढचं धड दिसतही नाही. तेव्हा सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोच. हा नियम मोडायला भाग पाडणारी कारणं रोज समोर येतील, आणि त्यातली बहुतेक खोटी असतील.

मुक्कामी पोचलीस की बॅगा उतरवायच्या आधी चेनकडे बघ. ती गरम असतानाच तेल दे, म्हणजे आत नीट झिरपतं. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजली असेल तर त्याच दिवशी. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत तेल मारणारे लोक तुला भेटतील. चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, मध्ये बोट गेलं की ते परत मिळत नाही. मग दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटानं वर-खाली करून ढील बघ. रस्त्यावरच्या बहुतेक बाइकना ती २० ते ३० मिलिमीटर असते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आणि बहुधा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवरही असेल. एकाच जागी मोजून उठू नकोस. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडं थोडं फिरवत गेलीस की एक जागा हाताला घट्ट लागेल, माप तिथलं धरायचं. सैल जागेवर माप घेऊन चेन ताणली, तर वजन पडल्यावर ती घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खेचत राहते.

हे एवढं लांबवून लिहितोय, कारण दूरच्या प्रवासात गाड्या बहुतेकदा अशाच किरकोळ गोष्टींनी बसतात. रायडर्स फॉर हेल्थ या संस्थेचा जन्मच यातून झाला. १९८० च्या दशकात पत्रकार बॅरी कोलमन आणि मोटरसायकल ग्रांप्रीचा शर्यतपटू रँडी मामोला सोमालियाला गेले, तेव्हा आरोग्यसेवेसाठी दिलेल्या मोटरसायकली नुसत्या पडून असलेल्या त्यांना दिसल्या. साधी देखभाल करायला कोणी शिकवलंच नव्हतं. गाडी बंद पडल्यावर दुरुस्त करायची नाही, बंद पडायच्या आधीच सुटा भाग बदलायचा, ही शिस्त त्यांनी आणि बॅरीची पत्नी अँड्रिया कोलमन यांनी आफ्रिकेतल्या आरोग्यसेवकांना लावली. तूही निघण्याआधी क्लच केबल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट बघून घे. अर्धी झिजलेली वस्तू ‘अजून चालेल’ म्हणून नेऊ नकोस. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपास.

बाकी अंगावरच्या गोष्टी थोडक्यात. कानात इअरप्लग घाल. हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि संध्याकाळी जाणवणाऱ्या थकव्यात त्याचाही वाटा असतो. हवा पस्तीस अंशांच्या पुढे तापली की जॅकेट उघडं टाकून गार वाटेल ही समजूत सोड. त्वचेपेक्षा गरम वारा अंग तापवतो आणि घाम दिसायच्या आत सुकवतो. अंग झाकलेलं ठेव आणि तहान लागायच्या आधी पाणी पी.

आता पैशांचं. देणगी तुझ्या खात्यात घेऊच नकोस. रुग्णालयाच्या विश्वस्तांकडून लेखी परवानगी घे, पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ देत आणि पावती त्यांच्याकडूनच निघू दे. पेट्रोल, मुक्काम, सर्व्हिसिंग हा खर्च तुझा. त्यासाठी कोणी मदत केली तर ती रक्कम वेगळी ठेव आणि वेगळी जाहीर कर. अमेरिकेतला नॅस्कार या मोटार शर्यतींचा शर्यतपटू काइल पेटी याने १९९५ मध्ये देशभराची चॅरिटी राइड सुरू केली. २००० साली शर्यतीच्या सरावात त्याचा मुलगा ॲडम गेला. पुढे २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ‘व्हिक्टरी जंक्शन’ हे आजारी मुलांसाठीचं शिबिर उभं राहिलं आणि राइडचा निधी तिकडे वळला. पैसे कुठे जातात, हे तिथे कोणालाही जाऊन बघता येतं. तुझ्या देणगीदारांनाही असं एखादं ठिकाण दाखवता आलं पाहिजे: अमुक यंत्र, अमुक वॉर्ड. आणि त्या वॉर्डातल्या मुलांचे फोटो टाकायचे असतील, तर आई-वडिलांना आणि मुलांनाही विचारल्याशिवाय टाकू नकोस.

तुझ्या आराखड्यातली ‘दर किलोमीटरमागे देणगी’ ही कल्पना मला अजिबात पटलेली नाही. ताप अंगावर काढून गाडी चालवायला लावणारी ती अट आहे. सिडनीत २०१२ मध्ये सुरू झालेली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ एका दिवसाची असते. सूट-टाय घालून शहरातल्या शहरात आरामात फिरायचं, तरी जगभरातून प्रोस्टेट कॅन्सर आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी मोठा निधी जमतो. लोक अंतर मोजून देत नाहीत, तू काय सांगतेस ते ऐकून देतात. रस्ता बंद झाला आणि मधला टप्पा टेम्पोत गाडी घालून पार करावा लागला, तर तसं त्याच संध्याकाळी जाहीर कर. कोणीही देणगी परत मागणार नाही.

शेवटच्या टप्प्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. शरीर थकलेलं, मन पुढे पोचलेलं, आणि रस्ता सोपा वाटायला लागलेला. त्यातून किनाऱ्यावर चार वाजता स्वागत ठेवलं असेल, तर साडेतीनला माणूस जे ओव्हरटेक एरवी कधी करणार नाही, ते करतो. म्हणून शेवटचा दिवस सगळ्यात छोटा ठेव, दोन-अडीचशे किलोमीटरचा, आणि समारंभ पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. रुग्णालयाच्या लोकांना हे आत्ताच कळव, हार-तुऱ्यांची तयारी झाल्यावर तारीख हलवणं अवघड जातं.

परत आल्यावर महिन्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला हिशेब गेला पाहिजे. त्या पत्राचा मसुदा निघण्याआधीच करून ठेव, फक्त आकडे भरायचे राहू देत. थकून आलेल्या माणसाच्या हातून हीच गोष्ट राहून जाते.

नवा आराखडा झाला की पाठव. विश्रांतीचे दिवस लाल शाईनं लिही, मी आधी तेच मोजणार आहे.

तुझा,
काका