जळगावच्या रेटेड बुद्धिबळ स्पर्धेत चारपैकी तीन डाव जिंकूनही रेटिंग घटलं, असं का? आणि लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर १९०० दिसतं, मग खरं कोणतं?

भाऊ, हिशेब बरोबर आहे. तुमचं रेटिंग १७०० आणि चारही प्रतिस्पर्धी १५०० च्या आसपास, असं तुम्हीच लिहिलंय. एलो पद्धत, म्हणजे स्पर्धांमधलं रेटिंग काढायची रीत, किती डाव मारले ते मोजत नाही. अपेक्षेपेक्षा किती गुण जास्त-कमी झाले, ते मोजते.

अपेक्षा अशी काढतात: रेटिंगमधल्या फरकाला ४०० ने भागा, १० चा तेवढा घात घ्या, त्यात १ मिळवा आणि त्या संख्येने १ ला भागा. २०० च्या फरकाला ४.१६ येतात, म्हणजे समोरच्याची अपेक्षा ०.२४ आणि तुमची ०.७६. तुमचा के (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २० धरला तर एका विजयाचे ४.८ मिळतात, एका पराभवाचे १५.२ जातात. तीन विजयांचे झाले १४.४. निव्वळ ०.८ ची घट. चौथ्या डावात हार नाही, बरोबरी झाली असती तरी त्या डावाचे ५.२ गेलेच असते.

हा के सगळ्यांना सारखा नसतो. क्लासिकल (लांब वेळेच्या) प्रकारात फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, नव्या खेळाडूला ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४० देते. ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुलांनाही २३०० च्या खाली ४० च. बाकीच्यांना २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०.

खरी गोम मात्र समोरच्या पोरांत असते. धुळे-नंदुरबारकडचा मुलगा वर्षात एखाद-दुसरी रेटेड स्पर्धा खेळतो, सराव रोज मोबाइलवर करतो. कागदावर १५००, खेळ १७०० चा. के ४० असला तरी डावच कमी, म्हणून आकडा मागे राहतो आणि त्याची किंमत तुम्ही मोजता. त्यामुळे एका स्पर्धेवरून काही ठरवू नका. निदान २५-३० डावांचा कल बघा.

लिचेसचं १९०० खोटं नाही, पण ते माप वेगळं. तिथे ग्लिको-२ ही वेगळी रेटिंग पद्धत चालते, सुरुवात १५०० पासून होते आणि खेळाडूंचा गटच निराळा. रेटिंगला अर्थ असतो तो त्याच गटातल्या फरकापुरता. ग्लिकोत रेटिंगसोबत अनिश्चिततेचा आकडाही असतो: तो ११० च्या वर असेल तर लिचेस प्रश्नचिन्ह लावतं. बरेच दिवस खेळला नाहीत की तो वाढतो, म्हणून परतल्यावरच्या पहिल्या डावांत मोठ्या उड्या दिसतात.

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये मित्राला विजयाचे जास्त गुण का, हेही विचारलंत. तिथे खरं रेटिंग लपवलेलं असतं. ते दिसणाऱ्या रँकच्या वर असेल तर जिंकल्यावर जास्त मिळतात आणि हरल्यावर कमी जातात. खाली असेल तर उलटं. आपल्या आयडीवर दुसऱ्याला खेळवून रँक चढवून घेतली, तर नंतर हेच अंगाशी येतं. आणि लाइट गेल्यामुळे हरलेला सामना हा पराभवच धरला जातो, त्यामुळे रँक्ड खेळायच्या आधी राउटर इन्व्हर्टरवर घ्या.