'टेन्सर, सेड द टेन्सर' म्हणजे नक्की काय?

मला विचारलेले प्रश्न दोन होते. आल्फ्रेड बेस्टरच्या 'द डिमॉलिश्ड मॅन' या विज्ञान-कादंबरीत पात्रांची नावं @किन्स, ¼मेन, विग& अशी का छापलीयत आणि ती वाचायची कशी, हा एक. आणि त्यात सारखं सारखं येणारं ते 'टेन्सर, सेड द टेन्सर' गाणं, त्याला काही अर्थ आहे की नुसतं यमक जुळवलंय, आणि मराठीत आणायचं झालं तर काय करावं, हा दुसरा. (पुढे रहस्य फुटणार आहे. पुस्तक १९५३ चं आहे, विज्ञानकथांना मिळणाऱ्या पहिल्यावहिल्या ह्यूगो पुरस्काराचं मानकरी, त्यामुळे मी काही लपवत बसत नाही.)

नावांचं सोपं आहे, चिन्हाचा उच्चार करायचा की झालं. अ‍ॅटकिन्स, क्वार्टरमेन, विगँड. आपल्याकडे आठवल्यांनी ८वले लिहावं, सातपुत्यांनी ७पुते आणि पावसकरांनी ¼सकर, तसंच. गोष्ट चोविसाव्या शतकातली म्हणून ही फॅशन. आज @ बघितलं की आपल्याला ईमेल आठवतो पण तेव्हा ते बिलावर दराच्या आधी लिहायचं, दुकानदारी हिशेबातलं चिन्ह होतं, त्यामुळे आडनावात ते बघून तेव्हाच्या वाचकाला जास्त मजा आली असणार.

आता गाणं. बेन राइख नावाच्या बड्या उद्योगपतीला त्याचा प्रतिस्पर्धी डकोर्टनी याचा खून करायचाय, पण पंचाईत अशी की या जगात मन वाचणारी माणसं आहेत, पोलिसात आहेत, डॉक्टर आहेत, सगळीकडे आहेत, खुनाचा विचार मनात आला की पकडलाच. मग राइख जाहिरातींची गाणी करणाऱ्या डफी विग&कडे जातो आणि गोडीगोडीत तिच्याकडून एक असं गाणं काढून घेतो की जे एकदा डोक्यात बसलं की निघतच नाही. म्हणजे मन वाचायला आलेल्याला वरवर फक्त ते गाणंच ऐकू येणार. अशा गाण्यांना त्या धंद्यात 'पेप्सी' म्हणतात असं ती सांगते, आणि तो बेस्टरचा खवचटपणा आहे, कारण १९४० च्या आसपास पेप्सीच्या रेडिओ जिंगलने अमेरिकेचं डोकं उठवलं होतं आणि बेस्टर स्वतः रेडिओसाठी लिहायचा.

गाणं सुरू होतं आठपासून एकपर्यंत उलट्या मोजणीने, शेवटचा एक सोडून प्रत्येक आकड्यापुढे 'सर'. मग टेन्सर, मग टेन्शन, अ‍ॅप्रिहेन्शन, डिसेन्शन (म्हणजे भांडण). टेन्सर ही गणितातली संज्ञा, पण कानाला 'जास्त ताणलेला' असंच ऐकू येतं. आणि अ‍ॅप्रिहेन्शनला इंग्रजीत दोन अर्थ, धास्ती आणि अटक. म्हणजे राइखने लपायला जे गाणं निवडलं त्यात त्याचीच कुंडली मांडलीये, आधी ताण, मग धास्ती, मग अटक. तो 'सर'ही मला साधा वाटत नाही. इंग्रजीत मुलगा बापालाही 'सर' म्हणतो, आणि पुढे कळतं की ज्याला मारला तो डकोर्टनी राइखचा सख्खा बाप होता.

मराठीत करायचं तर शब्दाला शब्द देऊन नाही जमणार. पण आपल्याकडे लहान मुलांचं 'अटक मटक चवळी चटक' आहे ना, त्यात अटक आयती सापडते! त्याला अटकळ जोडा, आणि भांडणासाठी खटका घ्या, कारण खटके उडतात तसा बंदुकीलाही खटका असतो आणि इथे खून बंदुकीनेच होतो. मी केलेलं असं:

ताण रे, म्हणे ताण्या,
ताण रे, म्हणे ताण्या,
अटकळ, अटक, खटक्यावर खटका,
सुरू झाला ताण्या.

ताण आणि टेन्शन हे दूरचे भाऊच आहेत, लॅटिन 'तेंदेरे' आणि संस्कृत 'तन्' एकाच मुळाचे, त्यामुळे तेवढं तरी फुकटात जमलं. ज्यांना ताण्या आवडणार नाही त्यांनी सरळ टेन्शन ठेवावं, तो शब्द आता मराठीच आहे. आणि 'सर'च्या जागी 'साहेब' नको, 'आठ, बाबा, सात, बाबा' करा.

पण माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात भारी शब्दखेळ गाण्यात नाहीच, तो एका तारेत आहे. सुरुवातीलाच राइख डकोर्टनीला सांकेतिक भाषेत विचारतो, कंपन्या एकत्र करायच्या का? उत्तर येतं, चार अक्षरं, डब्ल्यू डब्ल्यू एच जी. राइख म्हणतो नकार आला, आणि खुनाच्या तयारीला लागतो. आपणही धरून चालतो की नकारच आहे, कारण संकेतांची यादी पहिल्याच प्रकरणात छापलेली असली तरी ती उलटून कोण बघतंय. शेवटी कळतं त्या अक्षरांचा अर्थ होता, प्रस्ताव मान्य. म्हणजे पैशासाठी खून केला हे कारणच उडालं, आणि त्याला पकडायला निघालेल्या पोलीस अधिकारी पॉवेलची केस कोसळली. राइखला बापाला मारायचंच होतं, म्हणून होकाराचा नकार वाचला. फ्रॉइडने १९०१ च्या पुस्तकात बोलण्यातल्या चुकांबरोबर वाचण्यातल्या चुकाही घेतल्यात, मनाला जे हवं असतं तेच डोळे वाचतात. बेस्टरने त्यावर अख्खं रहस्य उभं केलं. राइखच्या स्वप्नात येणारा बिनचेहऱ्याचा माणूस त्याच वाटेने येतो, शेवटी त्या चेहऱ्यात बाप पण दिसतो आणि राइख स्वतः पण. आणि बेन म्हणजे हिब्रूत मुलगा, हे मुद्दाम केलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही पण नाव फिट बसतं खरं.

त्यामुळे कुणी मराठीत भाषांतर करायला घेतलंच तर गाण्याशी पाहिजे तितकी झटापट करा, नावांतही पाहिजे ते आकडे घाला, पण ती चार अक्षरं आणि संकेतांची यादी जशीच्या तशी ठेवा आणि उत्तराखाली तळटीप अजिबात देऊ नका, नाहीतर उत्साही भाषांतरकार तिथेच 'म्हणजे मान्य' असं लिहून मोकळा होईल आणि पुढची सगळी पानं वाया.